रातपाळीचे चिटणीस
(मुंबईच्या पत्रव्यवहाराच्या इतिहासांतील एक प्रकरण)

मराठी राज्याच्या कारभारांत चिटणिसाचें महत्त्व काय होतें हें इतिहासाच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. लढाई जिंकणाराचें नांव बखरींत येतें. परंतु त्या लढाईची बातमी कोणत्या शब्दांत, कोणत्या मायन्यानें आणि कोणाच्या हातीं मुक्कामास पोंचली, यावर पुढचें राजकारण अवलंबून असे. मायना चुकला तर स्नेहांत अंतर पडे. शेवटीं मोर्तब नसेल तर पत्राविषयीं संशय येई. आणि जासूद वाटेंत अडला तर उत्तम पत्रहि निरर्थक होई. मायना, मोर्तब आणि जासूद या तीन गोष्टी ज्यास साधल्या त्यास दूरच्या माणसाशीं बोलतां आलें. हा नियम शिवकालीं जितका खरा होता तितकाच इ. स. १९९० च्या सुमारास मुंबईंतहि खरा होता. त्या काळांतील मुंबईकरांच्या एका लहानशा व आज बहुतेक विस्मृत झालेल्या पत्रव्यवहाराचें प्रकरण आम्ही येथें वाचकांपुढें ठेवणार आहों.

त्याचा उगम अमेरिकेंत आहे. १९७८ च्या फेब्रुवारींत शिकागो शहरीं वॉर्ड क्रिस्टेन्सन व रँडी स्यूस या दोघांनीं एक संगणक टेलिफोनच्या तारेस जोडून ठेविला. कोणीहि आपल्या घरच्या संगणकावरून त्यास टेलिफोन करावा, त्यावरील सूचना वाचाव्या, आपली एखादी लिहून ठेवावी आणि तार सोडून द्यावी, अशी ती योजना होती. क्लबाच्या भिंतीवरील फलकासारखा तिचा उपयोग असल्यामुळें तिला 'बुलेटिन बोर्ड' हें नांव पडलें. सहा वर्षांनीं, १९८४ सालीं, टॉम जेनिंग्ज या गृहस्थानें हे एकएकटे फलक परस्परांशीं जोडण्याची युक्ति काढली. प्रत्येक फलकानें रात्रीं ठरलेल्या वेळीं दुसऱ्या फलकास टेलिफोन करावा, दिवसभर सांठलेलीं पत्रें द्यावीं, त्याचीं आपण घ्यावीं, आणि चौकीमागून चौकी करीत पत्र मुक्कामास पोंचवावें. या जाळ्यास त्यानें 'फिडोनेट' म्हटलें. फिडो हें तिकडे कुत्र्याचें नांव, आपल्याकडील मोत्यासारखें! मध्यवर्ती कचेरी नाहीं, पगारी नोकर नाहीं, आणि खर्च ज्याचा त्यानें सोसावयाचा. तरीहि पुढच्या दशकाच्या मध्यास या जाळ्याचीं ठाणीं जगभर तीस हजारांवर गेलीं होतीं.

भारतांत हें वेड १९८९ च्या सुमारास आलें. त्या वर्षीं बंगलोर येथें अतुल चिटणीस यांनीं 'सिक्स' नांवाचा फलक सुरू केला. आडनांवाचा हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकास गंमतीचा वाटल्यावांचून राहणार नाहीं. मुंबईंत 'लाइव्ह वायर' हा फलक प्रसिद्ध होता. फिडोनेटनें जगाचे विभाग पाडले होते; त्यांत आशियाचा विभाग सहावा, आणि त्या विभागाची टपालाची राखीव घटका ग्रीनिच वेळेप्रमाणें रात्रीं आठ ते नऊ, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दीड ते अडीच अशी होती. त्या घटकेस प्रत्येक ठाण्यानें माणसांसाठीं दार बंद ठेवून केवळ टपालासाठीं तार मोकळी ठेवावी, असा दंडक असे. रात्रीं एस. टी. डी. चे दर उतरत, हेंहि एक कारण होतेंच. परळ-लालबागच्या गिरण्यांतून एके काळीं तीन पाळ्या चालत. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर त्यांतील कित्येक भोंगे कायमचे मुके झाले. त्याच शहरांत दहा वर्षांच्या आंत ही नवी, बिनपगारी रातपाळी सुरू झाली, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

परंतु पत्र जावयाचें टेलिफोनच्या तारेंतून, आणि मुंबईचा टेलिफोन ही वस्तु सोपी नव्हती. येथें टेलिफोन १८८२ सालीं आला, तो खाजगी कंपनीच्या हातीं. १९४३ सालीं सरकारनें तो ताब्यांत घेतला. आणि १ एप्रिल १९८६ पासून मुंबई व दिल्ली या दोन शहरांचा कारभार महानगर टेलिफोन निगमाकडे गेला. गिरगांवांतील चाळींत टेलिफोन एका बिऱ्हाडीं आणि उपयोग साऱ्या मजल्यास, ही स्थिति पुष्कळ वर्षें होती. नवें कनेक्शन मिळण्यास वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. कित्येक एक्स्चेंजांतून स्ट्रौजर पद्धतीचीं यंत्रें होतीं. ही पद्धति कॅन्सस शहरांतील स्ट्रौजर नांवाच्या, प्रेतक्रियेचा धंदा करणाऱ्या गृहस्थानें काढली व तिचें पेटंट १८९१ सालीं घेतलें. चकती फिरवून सोडली म्हणजे जितका आंकडा तितके विजेचे खटके तारेंत पडावे, आणि त्या खटक्यांनीं एक्स्चेंजांतील यंत्रानें पायरी-पायरीनें चढावें, असें तिचें तत्त्व.

अशा तारेस जोडावयाचा तो मॉडेम. संगणकाच्या विद्युत्संकेतांचा नाद करणें व नादाचे पुन्हा संकेत करणें, एवढेंच त्याचें काम. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आतांच्या डॉ. भडकमकर मार्गावर, संगणकाचे सुटे भाग मिळत. परंतु मॉडेम विकत घेतला म्हणजे पत्र गेलें असें नव्हे. हेज या अमेरिकन कंपनीनें १९८१ सालीं काढलेल्या मॉडेमानें आज्ञांची एक भाषा रूढ केली होती. प्रत्येक आज्ञा 'ए-टी' या दोन अक्षरांनीं सुरू होई. 'अटेन्शन', म्हणजे 'लक्ष द्या', या शब्दाचें तें संक्षिप्त रूप. हा एक मायनाच म्हणावयाचा. पुढें 'डी' म्हणजे नंबर फिरव, आणि त्यापुढें 'टी' किंवा 'पी': सुरांनीं फिरव किंवा खटक्यांनीं फिरव.

येथेंच परदेशी यंत्र व देशी तार यांचा पहिला तंटा होई. अमेरिकेंतून आलेल्या मेलर-प्रोग्रामांत 'टी' गृहीत धरलेला असे. जुन्या एक्स्चेंजला सुरांची भाषाच कळत नसे. म्हणून पहिली दुरुस्ति म्हणजे 'टी' च्या जागीं 'पी'. दुसरी अडचण याहून चमत्कारिक. नंबर फिरविण्यापूर्वीं मॉडेम तारेवरील डायल-टोन ऐकून घेई. पण त्यास परिचय अमेरिकेंतील सुराचा, आणि आपल्या एक्स्चेंजची घरघर निराळी. त्यामुळें तार चांगली जिवंत असतांहि तो 'डायल-टोन नाहीं' म्हणून स्वस्थ बसे. तेव्हां त्यास 'एक्स-३' ही आज्ञा द्यावयाची, म्हणजे सुराची वाट न पाहतां नंबर फिरवावा. तिसरी गोष्ट खटक्याच्या प्रमाणाची. तार तोडण्याचा व जोडण्याचा काळ अमेरिकेंत ६१ ला ३९ आणि इंग्रजी पद्धतींत ६७ ला ३३ असा असे. आपल्या तारा इंग्रजी वळणाच्या असल्यानें तेंहि यंत्रास सांगणें इष्ट असे.

चवथी गोष्ट दारवानाची. मॉडेमाच्या 'एस-०' या खान्यांत जो आंकडा लिहावा तितक्या घंटा झाल्यावर तो आपण होऊन टेलिफोन उचली. नवशिक्यास वाटे, तेथें एक लिहिला म्हणजे झालें. अनुभवी माणूस तेथें शून्य लिही, आणि घंटा झाल्याची वर्दी मिळाल्यावर टेलिफोन उचलण्याची आज्ञा मेलरनेंच द्यावी अशी व्यवस्था करी. कारण उघड आहे. संगणक मध्येंच अडकून पडला असेल, तर मॉडेम आपण होऊन टेलिफोन उचलील, पण पत्र घेणारा कोणीच नसेल; आणि दुसऱ्या शहरांतील बिचाऱ्या इसमाचे पैसे मात्र प्रत्येक प्रयत्नागणिक जातील. मालक झोपेंत असतां परक्याचें नुकसान होऊं नये, ही काळजी त्या शून्यांत सांठविलेली होती.

मॉडेमाच्या आंत मेलर. 'बिंकलेटर्म', 'फ्रंटडोअर' हे त्यांतले नांवाजलेले. दुसऱ्याच्या नांवाचा अर्थच 'पुढचें दार'. मेलर व तार यांच्यामध्यें 'फॉसिल' नांवाचा एक लहान प्रोग्राम दुभाष्याचें काम करी. टेलिफोन लागतांच दोन्ही बाजूंचे मेलर परस्परांस आपला पत्ता, नांव व खुणेचा शब्द सांगत. तो जुळला तरच टपालाची पिशवी उघडे. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याअखेर त्या मजकुरावरूनच गणित करून काढलेला एक आंकडा जोडलेला असे. घेणाऱ्यानें तेंच गणित पुन्हा करावें. उत्तर जुळलें नाहीं तर तुकडा फिरून मागावा. पेशवाईंतील पत्राखालीं 'लेखनसीमा' उमटवीत, त्या पलीकडे कोणी अक्षर वाढवूं नये म्हणून. हा आंकडाहि त्याच कुळांतला. आणि टेलिफोन करणारा मेलर नसून माणूस असेल तर? त्यानें 'एस्केप' ही कळ दोनदां दाबावी; मेलर बाजूस होई आणि त्यास फलकाकडे पाठवी.

आतां फॅक्सकडे वळूं. त्या काळीं पुष्कळसे मॉडेम फॅक्सहि पाठवीत. त्यांतील स्वस्त जातींत एक विलक्षण विषमता होती: पत्राचा वेग सेकंदास २४०० बिट, म्हणजे सुमारें २४० अक्षरें, आणि फॅक्सचा वेग ९६००! तेव्हां एकाच तारेवर तीन प्रकारचे पाहुणे येऊं लागले: मेलर, फॅक्स आणि मनुष्य. फॅक्स करणारें यंत्र दर तीन सेकंदांनीं अर्धा सेकंद टिकणारी बारीक शीळ घालतें. तिच्यावरून मॉडेमानें पाहुणा ओळखावा, मेलरला तसें कळवावें, आणि मेलरनें एक ठराविक आंकडा मागें ठेवून दूर व्हावें, म्हणजे त्या आंकड्यावरून पुढचा प्रोग्राम कागद उतरून घेई. या ओळखपरेडींत वेळ जाई. म्हणून उत्तराची वाट पाहण्याची मुदत, म्हणजे 'एस-७' या खान्यांतील आंकडा, वाढवावी लागे. ती कमी ठेवली तर दूरचा मेलर कंटाळून तार सोडी. तिसरा पाहुणा जो मनुष्य, त्याच्या कानांत मात्र किंचाळीच पडे.

एवढा खटाटोप फॅक्ससाठीं कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आमच्या मतें या सर्व प्रकरणाचें मर्म आहे. या जाळ्यांतून जाणारीं पत्रें रोमन लिपींत जात. देवनागरीसाठीं 'इस्की' नांवाचें भारतीय प्रमाण १९९१ सालीं ठरलें, आणि १९८८ मध्यें पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें त्याचीं साधनेंहि पुरविलीं; परंतु दोन्ही टोंकांस तीं साधनें असल्यावांचून पत्र वाचतां येत नसे. फॅक्सला लिपीचा विधिनिषेध नव्हता. तो कागदाच्या एका ओळींतून १७२८ ठिपके उचली. ते ठिपके रोमन आहेत कीं देवनागरी आहेत याची चौकशी करीत नसे. बारीक अक्षरांतील अनुस्वार पुसट होण्याची भीति असे, म्हणून 'फाइन' प्रतीनें पाठवावें लागे, एवढेंच. सारांश, मराठी माणसानें चालविलेल्या यंत्रांतून मराठी पत्र गेलें तें अक्षर म्हणून नव्हे, चित्र म्हणून गेलें. ज्या समाजाचा कारभार शतकानुशतकें मोडींत व बाळबोधींत चालला, त्याच्या सुशिक्षित मुलांनीं हें नवें जासूदखातें परक्या लिपींत उभारलें, आणि स्वतःच्या लिपीस मागच्या दारानें आंत घेतलें. यांत त्यांचा दोष नाहीं. परंतु ही गोष्ट इतिहासानें नोंदविलीच पाहिजे.

दुसरी नोंद सरकाराविषयीं. १८८५ च्या तारायंत्राच्या कायद्यानें तारेवरचा अधिकार सर्वस्वीं सरकारचा. १९९४-९५ च्या सुमारास दूरसंचार खात्यानें अशा फलकांकडून वर्षाला किमान सुमारें १५ लाख रुपये परवाना-फी मागण्याचें धोरण जाहीर केलें. जी माणसें पदरमोड करून लोकांचीं पत्रें फुकट वाहत होतीं, त्यांस व्यापारी कंपनीच्या पंक्तीस बसविणें कितपत न्याय्य होतें, हें वाचकांनींच ठरवावें. त्याविरुद्ध चळवळहि झाली. परंतु या फलकांचा अंत झाला तो मुख्यतः दुसऱ्या कारणानें. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सामान्य ग्राहकांसाठीं इंटरनेट खुलें केलें. १९९८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांसहि मुभा मिळाली. जगाच्या पाठीवर कोठेंहि क्षणांत पत्र जाऊं लागल्यावर रात्रीं दीडची वाट कोण पाहणार? फिडोनेटचा सहावा विभाग २००७ सालीं मोडण्यांत आला. ज्या कायद्याच्या आधारें फी मागितली गेली त्याची जागा घेणारा नवा कायदाहि १३८ वर्षांनीं, २०२३ सालीं, संसदेनें मंजूर केला.

या पालटांत सुखसोय वाढली हें निर्विवाद. परंतु एक गोष्ट गेली. त्या रातपाळींतील मनुष्य आपल्या पत्राच्या प्रवासाचा धनी होता. पत्र कोणत्या चौकीवर थांबलें, कां अडलें, हें त्यास ठाऊक असे, आणि अडथळा दूर करण्याची किल्ली त्याच्याच हातीं असे. आज आपण सर्वजण पत्रें पाठवितों. जासूद कोण व वाट कोणती याची चौकशी करीत नाहीं. पत्रव्यवहार करणाऱ्यांची संख्या अपार वाढली, आणि चिटणीस मात्र नाहींसे झाले.

राहतां राहिला प्रश्न साधनांचा. इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव हिंडले तेव्हां वाण्याच्या पुड्यांस लागलेलीं दप्तरें तरी त्यांस सांपडलीं. कागद शंभर-दोनशें वर्षें टिकतो. फ्लॉपीवरील चुंबकीय अक्षर इतका दम धरीत नाहीं. दादर-गिरगांवच्या कपाटांतून तशा तबकड्या, आज्ञांच्या ओळी लिहून ठेवलेल्या वह्या, उतरलेल्या फॅक्सांचे गुळगुळीत कागद अजून पडले असतील. आणि फॅक्सचा तो कागद तर उन्हानें व काळानें कोरा होत जातो. ज्यांच्या घरीं असें कांहीं असेल त्यांनीं तें रद्दींत घालण्यापूर्वीं त्याची नक्कल करून घ्यावी, आणि आपल्या ग्रंथसंग्रहालयांनीं अशा नकला मागून घ्याव्या. पन्नास वर्षांनीं कोणी अभ्यासक 'एस-०' च्या खान्यांत शून्य कां लिहीत असत असें विचारील. त्यास उत्तर देणारा एखादा कागद तरी मुंबईंत शिल्लक असावा, एवढीच आमची इच्छा आहे.