गुगलवर तुमचं दुकान दिसतंय का? दुकानदार आणि ग्राहक, दोघांसाठी कामाची माहिती

ठाणे : मीरा रोड पूर्वेला हाटकेश उद्योगनगर आहे. गाळ्याला गाळा लागून छोटे कारखाने, वर्कशॉप, गोदामं. बाहेरून आलेला माणूस इथं पाटी वाचत फिरत नाही, मोबाईलवर शोधतो. शहापूर-मुरबाडकडच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याचं किंवा कृषी सेवा केंद्राचंही आता तेच झालंय. फोनवर दिसला नाहीत, तर गिऱ्हाईक शेजारी जातं.

सर्च इंजिन काम कसं करतं?
गुगल, बिंग यांचे प्रोग्राम इंटरनेटवरची पानं सतत वाचत असतात आणि त्यांची सूची तयार ठेवतात. आपण काही शोधलं की या सूचीतून उत्तर येतं. आपलं नाव त्यात नीट दिसावं म्हणून केलेल्या कामाला एसईओ म्हणतात, म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन.

नकाशावर आधी कोण दिसतं?
आसपासची दुकानं दाखवताना गुगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं : शोधलेल्या गोष्टीशी दुकानाचा संबंध, ग्राहकापासूनचं अंतर आणि दुकान किती माहितीतलं आहे. या यादीत पैसे भरून वरचा नंबर मिळत नाही. जाहिरात वेगळी असते, तिच्यावर ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं.

दुकानदारांनी काय करावं?
१. गुगल बिझनेस प्रोफाइल उघडा. ते मोफत आहे. आधी ‘गुगल माय बिझनेस’ म्हणत होते, ते हेच.
२. पाटीवर आहे तेच नाव द्या. नावात ‘बेस्ट’, ‘स्वस्त’, ‘मीरा रोड’ असे शब्द कोंबू नका, प्रोफाइल बंद पडू शकतं.
३. व्यवसायाचा प्रकार अचूक निवडा. वेळ, सुट्टी, फोन नंबर बरोबर ठेवा.
४. लोक मराठीत शोधतात, इंग्रजी अक्षरांतही शोधतात. कुणी ‘हाटकेश’ लिहितं, कुणी ‘हटकेश’. म्हणून माहितीत गाव, नाका, जवळची खूण साध्या शब्दांत लिहा.
५. दुकानाचे, मालाचे खरे फोटो टाका. गिऱ्हाइकाच्या रिव्ह्यूला उत्तर द्या, वाईट असला तरी. पैसे किंवा सूट देऊन रिव्ह्यू घेणं गुगलच्या नियमात बसत नाही.

‘पहिला नंबर लावून देतो’ असा फोन आला तर?
पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलनेच सांगितलंय. ‘गुगलमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर दुकान यादीतून काढू’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. व्हेरिफिकेशनचा कोड कुणाला सांगू नका. कोड गेला तर प्रोफाइलचा ताबाही जाऊ शकतो.

ग्राहकांनी सावध का राहावं?
गुगलवर वर दिसतं ते खरंच असतं असं नाही. २०१८ मध्ये बँक ऑफ इंडियाच्या शाखांचे गुगल मॅप्सवरचे फोन नंबर भामट्यांनी बदलल्याच्या तक्रारी महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. मॅप्सवर कुणालाही दुरुस्ती सुचवता येते, त्याचाच हा गैरफायदा. लोक बँक समजून फोन करायचे आणि समोरचा कार्डाची, पिनची माहिती काढून घ्यायचा. म्हणून :
- बँक, गॅस, वीज यांचा नंबर पासबुक, कार्डाची मागची बाजू, बिल किंवा अधिकृत अ‍ॅपवरूनच घ्या.
- पिन, ओटीपी, सीव्हीव्ही कुणालाही देऊ नका. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही.
- फोनवरच्या माणसाने अ‍ॅप टाकायला सांगितलं तर टाकू नका.

दुकानदारांनीही महिन्यातून एकदा आपलंच दुकान गुगलवर शोधून नंबर आपलाच आहे ना, ते बघावं.

फसवणूक झालीच तर?
लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार करता येते. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसलात, तर तोवर पैसे दहा खाती फिरून गेलेले असतात.