नायट्रोजनचं रिंगण

जून २०२५मध्ये पालखीसाठी काटेवाडीला गेलो होतो. मेंढ्यांचं रिंगण झालं, गर्दी पांगली आणि मी ओट्यावर लॅपटॉप उघडून बसलो. (गावी जाऊनही ही सवय सुटत नाही, आई त्यावरून बोलतेच.) त्याच महिन्यात जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठाच्या पीटर श्राइनर आणि सहकाऱ्यांचा 'नेचर'मध्ये लेख आला होता. त्यांनी एन-६ बनवला. नुसते सहा नायट्रोजन, दुसरं काही नाही!

समोर अण्णांनी उसासाठी आणलेल्या युरियाच्या गोण्या होत्या. ४५ किलोच्या गोणीत जवळजवळ २१ किलो नायट्रोजन. हवेत तो फुकट आहे, पण उसाला तसा घेता येत नाही, कारण तिथे त्याची जोडी घट्ट बांधलेली. ती तोडायला एका मोलमागे ९४५ किलोज्यूल लागतात. १९०९मध्ये हाबरने हवेतला नायट्रोजन अमोनियात आणून दाखवला, १९१३मध्ये ओपाऊला कारखाना उभा राहिला, तेव्हा कुठे शेताला गोणी मिळाली.

आता गंमत बघा. कार्बनचा एकेरी बंध साधारण ३४७चा आणि तिहेरी ८३९चा, म्हणजे तीन एकेरी बंध जास्त फायद्याचे. म्हणून कार्बन लांब साखळ्या करतो. नायट्रोजनचा एकेरी बंध जेमतेम १६०चा. तिनांची बेरीज ४८०, आणि तिहेरी ९४५! त्यामुळे तीनचार नायट्रोजन एकत्र बसवले की ते जोड्या करून पळायलाच बघतात. पळताना जी ऊर्जा सुटते, तोच स्फोट.

म्हणून हा इतिहास इतका रखडत गेला. १८९०मध्ये कुर्टियसने तीन नायट्रोजनची अझाइडं आणली. पुढची पायरी, पाच नायट्रोजनचा धनभारित आयन, थेट १९९९मध्ये अमेरिकेतल्या कार्ल क्रिस्टे यांनी जाहीर केली. मध्ये १०९ वर्षं! २०१७मध्ये चीनमधल्या नानजिंगला पाच नायट्रोजनचं कडं क्षारात बसलं आणि सुमारे ११७ अंशांपर्यंत टिकलं. मला तर ते रिंगणच वाटलं.

पुण्याचाही यात हात आहे बरं का. सुतारवाडीतली एचईएमआरएल ही डीआरडीओची प्रयोगशाळा म्हणजे मुळात १९०८चं नैनितालचं एक छोटं कार्यालय, १९६०मध्ये पुण्यात आलं. सीएल-२० हा बारा नायट्रोजनवाला रेणू अमेरिकेत १९८७मध्ये नील्सन यांनी बनवला, नंतर इथेही बनला. मात्र त्यात कार्बनचा पिंजरा आणि ऑक्सिजन आहेत. ते नायट्रोजनला धरून ठेवतात, म्हणून तो हाताळता तरी येतो. कॉलेजात असताना त्या भिंतीवरून कितीदा बसने गेलोय, आत काय चालतं याचा विचारसुद्धा केला नाही.

एन-६ला असा कुणाचाच आधार नाही. वजनाला वजन धरलं तर त्यातून टीएनटीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा सुटेल, आणि मागे उरणार फक्त हवेतला नायट्रोजन. पण तो पकडला उणे २६३ अंशांवर, आर्गॉनच्या बर्फात. द्रव नायट्रोजनच्या थंडीत त्याचं अर्धायुष्य शंभर वर्षांहून जास्त असेल असं गणित सांगतं. खोलीच्या तापमानाला मात्र जेमतेम ३६ मिलिसेकंद.

हे अण्णांना सांगितलं. ते गोणीवर ताडपत्री ओढत म्हणाले, "एवढ्यात तर आपली मोटर पण सुरू होत नाही."