शिर्डीची शेवटची मजल

शिर्डीच्या वाटेचा इतिहास हा मुख्यतः तिच्या शेवटच्या चार-पांच कोसांचा इतिहास होय. १८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला व कोपरगांव हें यात्रेकरूंचें स्थानक ठरलें. परंतु तेथें उतरल्यावर गोदावरी ओलांडून टांग्यानें किंवा पायीं शिर्डी गांठावी लागे. १९१८ सालीं विजयादशमीस साईबाबांनीं देह ठेवला. पुढें यात्रा वाढतच गेली, तरी आगगाडी शिर्डीच्या वेशीशीं येण्यास २००९ साल उजाडलें.

समाधीच्या शताब्दीनिमित्त १ ऑक्टोबर २०१७ रोजीं राष्ट्रपति रामनाथ कोविंद यांनीं काकडी येथील विमानतळाचें उद्घाटन केलें. त्या वेळीं धांवपट्टी अडीच हजार मीटरांची होती. दूरचा दिवसभराचा प्रवास आतां घटकाभराचा झाला. पण काकडीहून शिर्डी सुमारें १४ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ जुन्या कोपरगांवाइतकीच दूर! आकाशमार्गानें येणाऱ्यासही अखेरची मजल जमिनीवरूनच मारावी लागते.

म्हणून विमानतळाची खरी कसोटी आकाशांत नसून या रस्त्यावर आहे. ज्यांच्या शेतांवर धांवपट्टी झाली, त्या काकडीकरांच्या दारीं जर त्या वाटेनें कांहीं बरकत आली, तरच ही सोय साऱ्या जिल्ह्याची म्हणतां येईल.