तामिळनाडूची विधान परिषद: वरिष्ठ सभागृह आणि त्याचे आयुष्य

चेन्नईतील सेंट जॉर्ज किल्ल्यात भरणाऱ्या तामिळनाडू विधिमंडळात १ नोव्हेंबर १९८६ पासून एकच सभागृह आहे. त्यापूर्वी सुमारे अर्धशतक तेथे विधानसभेबरोबर विधान परिषदही होती. ही परिषद पुन्हा स्थापन करण्याचे ठराव तीन वेळा संमत झाले आणि तिन्ही वेळा निष्फळ ठरले. वरिष्ठ सभागृहाचे प्रयोजन काय आणि त्याचे अधिकार किती, याचा विचार करताना हे उदाहरण टाळता येत नाही.

मद्रास प्रांतात १८६१ च्या कायद्याने विधान परिषद अस्तित्वात आली, मात्र ते एकमेव सभागृह होते. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी १९२७ मध्ये ज्या परिषदेच्या उपाध्यक्ष झाल्या, तीही आजच्या अर्थाने वरिष्ठ सभागृह नव्हती. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार मद्रास आणि मुंबईसह सहा प्रांतांमध्ये द्विगृही विधिमंडळे सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेनेही मद्रासमध्ये ही रचना कायम ठेवली.

विधान परिषदेचे एक तृतीयांश सदस्य स्थानिक स्वराज्य संस्था आणि तितकेच विधानसभेचे आमदार निवडून देतात. पदवीधर व शिक्षक या दोन मतदारसंघांतून प्रत्येकी एक द्वादशांश सदस्य येतात. उर्वरित सदस्यांची नियुक्ती राज्यपाल करतात. सदस्यत्वाची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, त्यामुळे हे सभागृह कधीही विसर्जित होत नाही. घाईने संमत झालेल्या विधेयकाचा शांतपणे फेरविचार व्हावा, तसेच निवडणुकीच्या रिंगणात न उतरणाऱ्या जाणकारांना कायदेमंडळात स्थान मिळावे, हा या रचनेमागील हेतू होय.

प्रत्यक्षात फेरविचाराचा हा अधिकार मर्यादित आहे. परिषद सर्वसाधारण विधेयक प्रथम तीन महिने आणि विधानसभेने ते पुन्हा संमत केल्यास आणखी एक महिना रोखू शकते. धनविधेयकाच्या बाबतीत ही मुदत अवघी १४ दिवसांची आहे. संसदेत दोन सभागृहांमध्ये मतभेद झाल्यास संयुक्त बैठक बोलावता येते. राज्यात तशी तरतूदच नाही, कारण अखेरचा शब्द विधानसभेचाच असतो. परिषदेच्या सदस्यांना राष्ट्रपतींच्या किंवा राज्यसभेच्या निवडणुकीत मतदानाचा अधिकारही नाही.

विधेयकांच्या फेरविचारापेक्षा मद्रासची परिषद लक्षात राहिली ती मुख्यमंत्र्यांमुळे. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसला मद्रास विधानसभेच्या ३७५ पैकी १५२ जागा मिळाल्या. बहुमत जुळवण्यासाठी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांना पाचारण करण्यात आले. ते निवडणुकीस उभे राहिले नव्हते. राज्यपाल श्रीप्रकाश यांनी त्यांची परिषदेवर नियुक्ती केली आणि एप्रिल १९५२ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. जाणकारांसाठी राखून ठेवलेल्या जागेचा असा उपयोग झाल्याने त्या वेळी मोठा वाद झाला. त्यांचे उत्तराधिकारी के. कामराज यांनी मात्र १९५४ मध्ये गुडियाट्टम येथून पोटनिवडणूक लढवून विधानसभेत जाणे पसंत केले. १९६७ मध्ये सी. एन. अण्णादुराई मुख्यमंत्री झाले, तेही परिषदेचे सदस्य म्हणूनच.

परिषदेच्या अखेरीस निमित्त ठरली ती एक नियुक्तीच. १९८६ मध्ये मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारने एका चित्रपट अभिनेत्रीचे नाव परिषदेसाठी सुचवले होते. न्यायालयाने दिवाळखोर घोषित केलेली व्यक्ती विधिमंडळाची सदस्य होऊ शकत नाही, या मुद्द्यावर त्यास आव्हान देण्यात आले आणि हे नाव मागे पडले. त्यानंतर लवकरच परिषदच रद्द करण्याचा निर्णय झाला. १४ मे १९८६ रोजी विधानसभेने ठराव संमत केला, संसदेने कायदा केला आणि म. पो. शिवज्ञानम अध्यक्ष असलेले ६३ सदस्यांचे सभागृह इतिहासजमा झाले. विरोधी पक्षनेते एम. करुणानिधी त्या वेळी याच परिषदेचे सदस्य होते, ही बाब राजकीय निरीक्षकांच्या नजरेतून सुटली नाही.

हे इतक्या सहज घडले ते राज्यघटनेच्या कलम १६९ मुळे. एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश मतांनी विधानसभेने ठराव केल्यास संसद साध्या कायद्याने परिषद स्थापन अथवा रद्द करू शकते. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. विशेष म्हणजे, या निर्णयात परिषदेचे मत विचारलेच जात नाही. बहुमतावर अंकुश ठेवण्यासाठी निर्माण केलेल्या सभागृहाचे अस्तित्व अशा रीतीने त्याच बहुमताच्या स्वाधीन आहे. राज्यसभेची स्थिती याहून वेगळी आहे: तिच्या संमतीविना कोणतीही घटनादुरुस्ती होऊ शकत नाही.

सत्ता पालटली की तामिळनाडूत ठरावही पालटत राहिला. द्रमुक सरकारच्या १९८९ च्या ठरावानंतर मे १९९० मध्ये राज्यसभेने विधेयक संमत केले, पण पुढील वर्षी लोकसभा विसर्जित झाल्याने ते बाद झाले. जयललिता यांच्या सरकारने तो ठराव मागे घेतला. १९९६ च्या ठरावाचेही २००१ नंतर हेच झाले. एप्रिल २०१० मधील तिसरा प्रयत्न सर्वांत पुढे गेला. संसदेने ७८ सदस्यांच्या परिषदेचा कायदा केला, मतदारयाद्यांचे कामही सुरू झाले. परंतु प्रकरण न्यायालयात अडकले आणि जून २०११ मध्ये नव्या विधानसभेने ठराव फिरवला.

शेजारच्या आंध्र प्रदेशातही हाच खेळ दिसला. तेथील परिषद १९८५ मध्ये रद्द झाली आणि २००७ मध्ये पुनरुज्जीवित झाली. जानेवारी २०२० मध्ये तिने तीन राजधान्यांविषयीची विधेयके प्रवर समितीकडे पाठवली, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने करावयाचे नेमके काम केले. त्याच महिन्यात विधानसभेने परिषद रद्द करण्याचा ठराव केला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो मागे घेण्यात आला.

सध्या देशातील सहाच राज्यांमध्ये विधान परिषद आहे. त्यांत महाराष्ट्राची परिषद ७८ सदस्यांची असून तिची परंपरा तुलनेने सलग आहे. रोजगार हमी योजनेचे प्रणेते वि. स. पागे हे १९६० पासून १९७८ पर्यंत या सभागृहाचे सभापती होते. वरिष्ठ सभागृहातील अनुभवी व्यक्तीने काय साधावे, याचे याहून ठळक उदाहरण मिळणे कठीण. मात्र मद्रासमधील १९५२ चा प्रश्न मुंबईतही उपस्थित झालाच. विधिमंडळाचे सदस्य नसलेले मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांची राज्यपालांनी परिषदेवर नियुक्ती करावी, अशी शिफारस मंत्रिमंडळाने एप्रिल २०२० मध्ये केली. नियुक्ती झाली नाही; अखेर मे महिन्यात ते परिषदेवर बिनविरोध निवडून आले. राज्यपालांनी भरावयाच्या १२ जागा मात्र जून २०२० पासून चार वर्षांहून अधिक काळ रिक्त होत्या. त्यांपैकी सात जागा ऑक्टोबर २०२४ मध्ये भरण्यात आल्या.