वांकेल एंजिन व सिरॅमिक लेप : दोन परंपरा

पहिल्या महायुद्धातील कित्येक विमानांच्या एंजिनांत सिलिंडरांसह सारे एंजिनच स्थिर दंडाभोवती फिरत असे. ‘रोटरी एंजिन’ ही संज्ञा त्यास उद्देशून रूढ झाली. प्रस्तुत टिपणाचा विषय त्याहून भिन्न, म्हणजे फेलिक्स वांकेल यांचे एंजिन हा आहे. 1 फेब्रुवारी 1957 रोजी ते जर्मनीतील एनएसयू कारखान्यात प्रथम चालले.

या एंजिनाच्या कोषात त्रिकोणी रोटर फिरतो व त्याच्या तिन्ही टोकांवरील सील-पट्ट्या कोषाची आतील भिंत अखंड घासत राहतात. जपानमध्ये तोयो कोग्यो कंपनीच्या प्रारंभीच्या चाचण्यांत पट्ट्यांच्या कंपनाने भिंतीवर चरे उमटले. अभियंत्यांनी त्यांस ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हटले. केनिची यामामोतो यांच्या पथकाने पट्टीचे द्रव्य बदलून मार्ग काढला व 1967 मध्ये कॉस्मो मोटार विक्रीस आली. एनएसयूने भिंतीकडेच लक्ष पुरविले. त्यांच्या ‘एल्निसिल’ मुलाम्यात निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे सूक्ष्म कण रोवलेले असत. येथे सिरॅमिक द्रव्य धातूच्या आश्रयाने राहते व झीज रोखते.

दुसरी परंपरा उष्णतारोधाची. 1970 च्या दशकात नासाच्या लुइस केंद्राने टर्बाइनच्या पात्यांवर, धातूच्या बंधक थरावर झिर्कोनियाचा लेप देण्याचे तंत्र विकसित केले. येथे सिरॅमिक धातूवर पांघरलेले असते.

स्वतः विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींनी पुढे माझदा मोटारीचे 13बी एंजिन स्वीकारले, तेव्हा त्यांना ही दुसरी परंपरा आकर्षक वाटली, हे स्वाभाविकच होते. वांकेलची ज्वलनपोकळी लांबट व उथळ असल्याने भिंतींना पुष्कळ उष्णता जाते आणि निष्कासवायूही अतितप्त असतो. रोटर तेलाने थंड होतो. त्याच्या मुखावर लेप दिल्यास तेलावरील भार हलका होतो, व विमानात तेलशीतकाचे वजन आणि वायुरोध यांचे मोल मोठे असते.

परंतु वारंवार तापण्या-निवण्याने लेपाचा बंध शिथिल झाल्यास सुटलेली कठीण कपची सील-पट्टी व भिंत यांच्यामध्येच सापडण्याचा संभव असतो. म्हणजे उष्णतेवरील उपाय झिजेचे कारण होतो. निष्कासनळीवर बाहेरून दिलेल्या लेपाबाबत हा धोका नाही. यास्तव लेपाचा आरंभ नळीपासून व्हावा आणि रोटर-मुखाची पाळी जमिनीवरील दीर्घ चाचणीनंतर यावी, असे आम्हांस वाटते. ‘सिरॅमिक लेप’ या एकाच नावाखाली दोन भिन्न प्रयोजने वावरतात, आणि त्यांतील भेद विसरणाऱ्यास आकाशात दुसरी संधी क्वचितच मिळते.