मृत जनावराचा हक्क : नगर प्रांतांतील गांवसफाई व वतन

जुन्या वतनी कागदांत पाटीलकी, कुलकर्ण व देशमुखी यांच्या तंट्यांकडे संशोधकांचें जितकें लक्ष गेलें आहे, तितकें गांवची घाण कोणीं उचलावी व उचललेल्या जिनसेवर मालकी कोणाची, या प्रश्नाकडे गेलेलें नाहीं. विषय क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. परंतु तो तसा नाहीं, हें नगर प्रांतापुरतें दाखवावें, एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, जुन्या गांवांत टाकाऊ अशी वस्तु फारशी नव्हती. शेण व राख उकिरड्यांत जाई, उकिरडा शेतांत जाई. बैल मेला तर महारानें तो ओढून गांवाबाहेर न्यावा. कातडें ढोरानें कमवावें. त्याची मोट व्हावी, आणि त्याच मोटेनें मेलेल्या बैलाच्या धन्याचा मळा भिजावा, असें हें चक्र होतें. जोडे व वाहणा चांभाराकडून, दोर व केरसुण्या मांगाकडून येत. महारांच्या वतनी जमिनीस हाडकी किंवा हाडोळा हें नांव पडलें, त्यांतही हाडांचा संबंध उघड दिसतो.

जेथें जिन्नस मोलाची, तेथें तंटा आलाच. कातडें महाराचें कीं जनावराच्या धन्याचें, पाटलाचा त्यांत भाग किती, महार व मांग यांच्या हक्कांची सीमा कोणती, असे हे वाद होत, आणि इतर वतनांच्या वादांप्रमाणेंच ते गोतापुढें जात. महार आपल्या बाजूस बावन्न हक्कांची परंपरा सांगत. हे हक्क बेदरच्या बादशहानें दिले, असें ती परंपरा म्हणते. मृत जनावरावरील हक्क त्यांतच मोडतो. परंपरेस सनदेचें मोल देतां येत नाहीं. तथापि एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. नगरची निजामशाही इ. स. १४९० मध्यें बेदरच्या सत्तेपासून विभक्त झाली. असें असतां नगर प्रांतांतील वतनदारही नगरच्या नव्हे, तर बेदरच्याच बादशहाचें नांव घेत. आपला हक्क नगर शहराहूनही जुना आहे, असें ठसविण्याचा उद्देश यांत असावा, असें आम्हांस वाटतें.

येथें संशोधकानें सावध राहिलें पाहिजे. कागदांत ज्यास 'हक्क' म्हटलें आहे, तेंच दुसऱ्या बाजूनें पाहतां न टाळतां येणारें 'काम' होतें. कातडें मिळे हें खरें. परंतु जनावर ओढण्यास नकार देण्याची मोकळीक मिळत नसे, आणि त्या कामामुळेंच करणारा अस्पृश्य ठरे. महजर लिहिणारा कुलकर्णी पहिली बाजू टिपून ठेवी. दुसरी टिपण्याचें त्यास कारण नव्हतें.

इंग्रजी अमलांत या व्यवस्थेचे सांधे निखळूं लागले. १८५४ त नगरास म्युनिसिपालिटी झाली व शहराची सफाई पगारी नोकरांकडे आली. १८७८ त धोंड-मनमाड लोहमार्ग नगरावरून सुरू झाला आणि कातड्यास व हाडांस दूरचा बाजार मोकळा झाला. म्युनिसिपल झाडूवाल्यास वतन नव्हतें, पण मोकळीकही नव्हती. मुंबईंत १८८९ त हलालखोरांनीं संप केला. त्यापुढील वर्षींच असा कायदा झाला कीं, सफाईच्या नोकरानें सूचनेवांचून काम सोडणें हा गुन्हा ठरावा. हक्काचें नांव गेलें, सक्ती मात्र राहिली.

या सक्तीस खरा जबाब वतनदारांनींच दिला. मार्च १९२७ मध्यें महाड येथील परिषदेंत डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं मृतमांस सोडण्याचा उपदेश केला; पुढें गांवोगांवच्या महारांनीं मेलेलीं जनावरें ओढण्याचें नाकारलें व त्यांपायीं गांवाचे बहिष्कार सोसले. १९२८ त डॉ. आंबेडकरांनीं १८७४ च्या वतन कायद्यांत दुरुस्ती सुचविणारें बिल मुंबई कौन्सिलांत मांडलें; तें तडीस गेलें नाहीं. १६ डिसेंबर १९३९ रोजीं नगर जिल्ह्यांतील हरेगांव येथें त्यांच्या अध्यक्षतेखालीं महार, मांग व वेठिया वतनदारांची परिषद भरली, आणि वतनी जमिनींवरील वाढीव जुडीचा तींत निषेध झाला. कनिष्ठ वतनें कायद्यानें नाहींशीं झालीं तीं १९५९ त. ज्या हक्कासाठीं पूर्वजांनीं गोतापुढें तंटे केले, तोच वंशजांनीं टाकून द्यावा, यांत विसंगति नाहीं. हक्काच्या पोटांतील सक्ती त्यांनीं ओळखली होती.

शहरांतील झाडूवाल्यांचा प्रश्न याहून लांबला. मुंबई सरकारनें १९४९ त नेमलेल्या बर्वे समितीनें त्यांच्या स्थितीची चौकशी केली. हातानें मैला उचलविण्यास बंदी करणारे कायदे १९९३ व २०१३ त झाले. ओला व सुका कचरा घरींच वेगळा करण्याचें काम २०१६ च्या नियमांनीं घरधन्यावर टाकलें. घाण करणारानें तिचा कांहीं भार वाहावा, हें तत्त्व जुन्या वतनव्यवस्थेंत कोठेंच नव्हतें, हा फरक इतिहासदृष्ट्या मोठा आहे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. वाड्यांतील दप्तरें आपण जपलीं. परंतु ज्यांस वाडा नव्हता, त्यांच्या घरच्या जुडीच्या पावत्या, वांटणीपत्रें व अर्ज अजून रद्दीच्या भावानें जात आहेत. जुना हातकागद चिंध्या, गोणपाटें व रद्दी कुटूनच होत असे. तेव्हां किती जुनीं लेखनें नव्या कागदाच्या लगद्यांत गेलीं, याची गणती आतां होणें नाहीं. जीं उरलीं आहेत, तीं तरी त्या वाटेनें जाऊं नयेत. असा एखादा कागद कोणाच्या दृष्टीस पडल्यास त्यानें त्याची नक्कल करून मंडळाकडे अवश्य पाठवावी.