पांढरीतला समुद्र : तगर-तेरच्या अभ्यासाची प्रस्तावना

आपल्याकडे गावची जमीन दोन नावांनी ओळखली जाते. पिकते ती काळी, आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसे जिच्यावर राहत आली ती पांढरी. राख, शेण, कोसळलेल्या भिंती, फुटकी मडकी यांच्या थरांनी पांढरी उंच होत जाते. धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी वसलेल्या तेरची पांढरी अशी थरावर थर चढून टेकाडांएवढी झाली आहे. माळवदावर घालायला आणि भिंती लिंपायला गावकरी तीच माती खणून नेत आले, आणि कुदळीच्या घावासरशी मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीच्या बाहुल्या, जुनी नाणी वर येत राहिली. काळीच्या कापसाचे कापड समुद्रापार गेले आणि पांढरीने त्या व्यवहाराची साक्ष जपली. या अभ्यासाचा सारा पसारा एवढ्यात मावतो. नव्या वाचकाचा हात धरून त्याला या पसाऱ्यात आणून बसवावे, यासाठी ही प्रस्तावना.

ग्रीक जग पाहावे म्हणून आता मराठी माणसे एजियन समुद्रातल्या बेटांवर जाऊ लागली आहेत. जरूर जावे. मिकोनोसहून होडीने डेलोसला उतरले की संगमरवरी सिंहांची रांग दिसते आणि व्यापाऱ्यांच्या घरांतल्या रंगीत खड्यांच्या फरश्या पाहायला मिळतात. इसवी सनापूर्वी १६६ साली रोमनांनी डेलोसचे बंदर जकातमुक्त केले आणि हे खडकाळ बेट भूमध्य समुद्राची बाजारपेठ बनले. पुढे इसवी सनापूर्वी ८८ साली ते लुटले गेले आणि त्यातून पुरते सावरले नाही. आज तिथे गाव नाही. भग्नावशेष आहेत, आणि ते पाहून संध्याकाळी परतणारे प्रवासी आहेत. त्याच समुद्रातले कॉस हे हिपोक्रेटिस वैद्याचे बेट. तिथले झिरझिरीत कापड रोममध्ये प्रसिद्ध होते, आणि समुद्राचे पाणी मिसळून केलेली तिथली वाइन दूरदूर जाई. तिच्यासाठी घडवलेल्या, दुहेरी दांड्यांच्या कानांच्या उंच कुंभांचे तुकडे पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला उत्खननात सापडले आहेत. म्हणजे त्या बेटांची वाट आपल्या किनाऱ्यापर्यंत येत होती. किनाऱ्यावरून ती पुढे घाट चढून दख्खनच्या पठारावर कुठवर पोचत होती, हे ज्याला पाहायचे असेल त्याने तेरला यावे.

तेरचा, म्हणजे जुन्या तगरचा, हा धागा पहिल्यांदा हाती लागतो तो एका ग्रीक पुस्तकात. इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक बोलणाऱ्या एका व्यापाऱ्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला तांबडा समुद्र आणि हिंदी महासागर यांच्या किनाऱ्यांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पुस्तकाचा कर्ता अनाम आहे. हायडेलबर्गला जपलेल्या दहाव्या शतकातल्या एका हस्तलिखितामुळे ते आपल्यापर्यंत आले. बरिगाझा म्हणजे भडोच. तिथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, एक फार मोठे नगर, असे तो सांगतो. पैठणहून मौल्यवान खडे येतात. तगरहून साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची तलम वस्त्रे आणि ‘मोलोखिना’ नावाचे कापड येते. हा सारा माल मोठ्या अवघड मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला उतरवला जातो. मोलोखिना म्हणजे एका झाडाच्या धाग्याचे कापड की त्या झाडाच्या फुलाच्या जांभळट रंगाचे कापड, यावर विद्वान अजून वाद घालतात. दुसऱ्या शतकात टॉलेमीनेही आपल्या भूगोलग्रंथात तगरची नोंद केली.

हा लेखक बंदराचा माणूस. गलबत कधी लागते, कोणता माल खपतो, राजाला काय नजर करावे, हे तो बारकाईने सांगतो. भडोचला इटलीची वाइन, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, सोन्याचांदीची नाणी उतरतात, हेही तो सांगतो. तगरबद्दल मात्र त्याच्याजवळ अंतर, आकार आणि मालाची यादी एवढेच आहे. धक्क्यावर उतरलेल्या गाडीवानांच्या तोंडून मिळावी, एवढीच ही माहिती आहे. सूत कुणी कातले, मागावर कोण बसले, गाड्या निघण्याआधी कोणाच्या दारात नारळ फुटला, यातले काहीच त्याच्या कानी आलेले नाही. बंदरातून तगर दिसते. तेर दिसायचे तर आपल्यालाच तीस दिवसांची वाट उलट चालत यावे लागते. या क्षेत्राचे मर्म मला इथे दिसते.

तगर म्हणजे कोणते गाव, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात बराच गाजला. कुणी देवगिरी म्हटले, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवले, रा. गो. भांडारकरांनी धारूरकडे बोट दाखवले. अखेर जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली तेरचे नाव मांडले. पैठणपासूनचे अंतर जुळत होते; दिशा नेमकी पूर्व नसून आग्नेय होती, पण बंदरात ऐकून लिहिणाऱ्याला एवढी सूट द्यावी लागते. मराठी वाचकाला यातला भाषेचा पुरावा विशेष रुचेल. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ग’ गळून पडतो. नगरचे नयर झाले आणि नयरचे नेर. अंमळनेर, जामनेर, पारनेर ही त्याचीच लेकरे. त्याच चालीने तगरचे तयर आणि तयरचे तेर झाले. दोन हजार वर्षांचा उच्चारांचा प्रवास आपल्या जिभेवर असा सहज बसला आहे.

फ्लीटच्या मांडणीपाठोपाठ हेन्री कझिन्स यांनी तेरची पाहणी केली. गावातले त्रिविक्रमाचे मंदिर पाहून ते थबकले. विटांचे, मागच्या बाजूने अर्धगोल, वर गजपृष्ठासारखे छत आणि दर्शनी भागावर नालाच्या आकाराची कमान: हा घाट चैत्यगृहाचा. कार्ले-भाजे इथे जे कातळात कोरलेले दिसते, तेच इथे उघड्यावर विटांत बांधलेले उभे आहे. आत आज त्रिविक्रम विष्णूची पूजा होते. मूळ वास्तू बौद्ध की प्रथमपासून वैष्णव, आणि नेमक्या कोणत्या शतकातली, यावर मते वेगळी आहेत. एवढी जुनी वीट अजून देवाच्या कामी आहे, यावर मात्र दुमत होण्याचे कारण नाही. पुढे चापेकर, शां. भा. देव आदी संशोधकांनी इथे शास्त्रशुद्ध उत्खनने केली आणि सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. पायात चाकाच्या आऱ्यांसारख्या भिंती घालून उभारलेला विटांचा स्तूपही मिळाला.

या अभ्यासात रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव आदराने घ्यावे लागते. व्यापारी गृहस्थ; पण पांढरीतून निघालेली वस्तू फेकली जाऊ नये, विकली जाऊन परक्या हाती पडू नये, म्हणून ते आयुष्यभर त्या गोळा करत राहिले. त्यांच्या संग्रहातून उभे राहिलेले, त्यांचेच नाव धारण करणारे शासकीय वस्तुसंग्रहालय आज तेरमध्ये आहे. पांढऱ्या केओलिन मातीच्या, दोन साच्यांत घडवलेल्या बाहुल्या, मणी, दिवे, शंखाचे आणि हस्तिदंताचे काम, उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकट, असे हजारो नमुने तिथे आहेत. एका माणसाने आपल्या गावाच्या मातीवर एवढी माया करावी, हे माझ्या लेखी कोणत्याही प्राचीन अवशेषाइतकेच मोलाचे आहे.

तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहताना दूर इटलीत जावे लागते. १९३८ साली पॉम्पेईच्या उत्खननात भारतीय घडणीची एक हस्तिदंती मूर्ती मिळाली; ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली होती. तेर आणि जालना जिल्ह्यातले भोकरदन इथल्या मूर्तींशी तिचे नाते जवळचे आहे. उलट दिशेची साक्ष कोल्हापूरला आहे: ब्रह्मपुरीच्या टेकाडात मिळालेली, वीतभरही उंची नसलेली पोसायडनची कांस्यमूर्ती. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी सापडावा आणि दख्खनची हस्तिदंती स्त्री व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी, यापेक्षा त्या काळच्या दळणवळणाचे बोलके चित्र कोणते असेल?

अशा वेळी मन उतावळे होते, म्हणून नव्या अभ्यासकाला दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. पहिली अशी की ‘रोमन’ हा शब्द जपून वापरावा. तांबड्या झिलईची सुबक भांडी एकेकाळी रोमन वळणाची मानली गेली. ती देशी असल्याचे पुढे ध्यानात आले. वाइनच्या कुंभांची म्हणून नोंदलेली पश्चिम भारतातली कित्येक खापरे मेसोपोटेमियातल्या, आतून डांबर फासलेल्या लांबट रांजणांची निघाली. यामुळे व्यापार लहान ठरत नाही. त्यात इराणी आखाताचाही वाटा होता एवढे कळते. तेरच्या कुंभाराने परकी वस्तू पाहून आपल्या मातीत तिचा घाट उतरवला असेल, तर त्यात त्याचे कसब पाहावे. दर बाहुलीमागे परदेशी वस्ती शोधू नये. दुसरी गोष्ट अधिक दुखरी आहे. संग्रहालयातल्या बहुतेक वस्तू मातीच्या कोणत्या थरातून आल्या, हे सांगता येत नाही, कारण त्या उत्खननाबाहेर सापडल्या. थर सुटला की वस्तूची जन्मतारीख सुटते. म्हणून टेकाडावर पावसाने उघडे पडलेले खापर दिसले तरी उचलू नये. जागा नोंदवावी, जाणत्याला कळवावे.

आणि कापड? ज्याच्यासाठी हा सारा व्यवहार, ते आपल्या हवेत टिकत नाही. ते टिकले इजिप्तच्या वाळवंटात. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिकेच्या उकिरड्यांत सुती कापडाच्या चिंध्या मिळाल्या आहेत. इजिप्तमध्ये सुताला एका दिशेने पीळ देत, भारतात त्याच्या उलट दिशेने. त्या पिळावरून तज्ज्ञ भारतीय कापड वेगळे काढतात. त्यातली एखादी चिंधी तगरची आहे असे कुणी म्हणू शकणार नाही. पण कातणाऱ्या बोटांची सवय दोन हजार वर्षांनी ओळखता यावी, हे थोडे नाही. वाटेवर सोकोत्रा बेट लागे. तिथे अरब, भारतीय आणि काही ग्रीक एकत्र राहतात, असे पेरिप्लसने लिहून ठेवले होते. एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिथल्या होक गुहेत खोल अंधारात भारतीय नाविकांनी लिहिलेले ब्राह्मी लेख मोठ्या संख्येने सापडले, आणि सोबत काही ग्रीक अक्षरेही. व्यापाऱ्याने शाईने लिहिलेले वाक्य गुहेच्या भिंतीने खरे केले.

परक्यांच्या वह्यांतून तगर नाहीसे झाले तरी घरच्या आठवणीतून गेले नाही. कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे कित्येक शतकांनंतरही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत. हातात नसलेल्या नगराचे नाव बिरुदात मिरवावे, एवढी त्याची प्रतिष्ठा होती. मुनी कनकामरांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूर आणि तिथली लेणी येतात. धाराशिवच्या लेण्यांशी त्यांचा संबंध जोडला जातो. आणि तेराव्या शतकात याच गावात गोरोबाकाका चाक फिरवत होते. पांढरीत गाडलेली खापरे ज्या मातीची, त्याच मातीत भक्तीने नाचणारे पाय रुतले. थापटीने मडके पारखावे तशी संतांची डोकी पारखल्याची कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. कच्चे कोणते आणि भाजलेले कोणते, हे हातात घेऊन तपासणारा हा कुंभार पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला गुरुस्थानी मानता येईल.

धाराशिव शहरातून तेर वीसेक किलोमीटरवर आहे. सकाळी लवकर निघावे, आधी संग्रहालय पाहावे, मग त्रिविक्रम, उत्तरेश्वर आणि काळेश्वर करत गोरोबाकाकांच्या समाधीशी नदीकाठी निवांत बसावे. घाई करू नये. सवड असेल तर धाराशिवची लेणी, नळदुर्गचा पाणीमहाल, तुळजापूर हेही त्याच फेरीत होते. डेलोसला जे मिळत नाही ते इथे मिळते. तिथे भग्नावशेष मोकळे आहेत, म्हणून पाहणे सोपे. इथे टेकाडाच्या आसपास संसार चालू आहे, ओसरीवर म्हातारी बसली आहे, आणि तिच्या पायाखाली सातवाहनांचा थर आहे. अशा गावात खणणे अवघड, जपणे त्याहून अवघड. म्हणून हा अभ्यास गावाला सोबत घेऊनच करावा लागेल.

करण्यासारखे पुष्कळ आहे. भडोच ते पैठण ते तेर या गाडीवाटेचे टप्पे, घाट आणि पाणवठे कुणीतरी पायी हिंडून नोंदवायला हवेत. जात्यावरच्या ओव्यांत, शेताच्या नावांत, कोष्टी-रंगाऱ्यांच्या बोलीत काय उरले आहे ते टिपायला हवे. त्यासाठी ग्रीक येणारा लागेल तसा शेताचा बांध ओळखणाराही लागेल. त्या अनाम व्यापाऱ्याने तगरला तीन-चार वाक्ये दिली आणि दोन हजार वर्षे ती पुरली. पुढची वाक्ये तेरच्या बाजूने लिहिली जायची आहेत, आणि ती मराठीत आधी लिहिली जावीत अशी माझी इच्छा आहे. वाचकाने आत यावे. पांढरी वाट पाहते आहे.